मूठमातीची टेकडी

त्या दगडावर बसू नका, तापलेला असेल. इकडे बाभळीखाली या, इथे थोडी तरी सावली आहे.

ही समोर दिसते तिलाच मूठमातीची टेकडी म्हणतात. लांबून पाहिली तर तिच्यात विशेष काही वाटत नाही. तुमच्यासारखे लोक रस्त्याला गाडी उभी करतात, तळ्याचे फोटो काढतात आणि टेकडीकडे पाठ करून निघून जातात. पण जरा सभोवार नजर टाका. हा सगळा माळ म्हणजे नुसता खडक आहे. कुदळ मारली तर ठिणगी उडते. इथे गवतसुद्धा दगडाच्या फटीतून वाट काढून येतं. मग या एकाच ठिकाणी एवढी माती आली कुठून? आणि तीही दोन रंगांची. उगवतीच्या अंगाला काळी, मावळतीच्या अंगाला तांबडी, आणि माथ्यावर दोन्ही अशा मिसळलेल्या की कुठली कुणाची ते सांगता येऊ नये.

काळी माती खैरवळची. ते गाव इकडे उगवतीला, ओढ्याच्या काठावर आहे. तांबडी माती तांबसडीची, ते गाव त्या उताराखाली. तो चुना फासलेला दगड दिसतो ना, तिथे खैरवळची शीव संपते. आणि मागे वळून पाहिलंत तर तसाच एक दगड तांबसडीचा. एरवी एका गावाचं रान संपलं की तिथेच दुसऱ्याचं सुरू होतं. दोघांची शीव एकच असते. इथे तसं नाही. या दोन दगडांच्या मध्ये जो माळ आहे तो कुठल्याच गावाचा नाही. आमची वस्ती याच माळावर आहे.

आम्ही कैकाडी. टोपल्या, कणग्या, पाळणे विणणारे. आता प्लॅस्टिक आल्यापासून विणणं थोडं आणि मजुरी फार, पण जात विचारली की तेच सांगावं लागतं. टेकडीची गोष्ट मला माझ्या चुलत्यानं सांगितली, त्याला त्याच्या आजीनं. खरी किती, खोटी किती, ते मी सांगणार नाही. आमच्याकडे अशी सांगतात, एवढंच.

फार मागे आमचे लोक माळावर नव्हते. खैरवळलाच होते, ओढ्याच्या काठाला, जिथे शिंदीची झाडं दाट होती. शिंदीची पानं आणि तरवडाच्या काड्या यांवरच कैकाड्याचं पोट. गावात असं घर नव्हतं म्हणे, जिथे त्यांच्या हातची वस्तू नाही. दाणे त्यांच्या कणगीत, कोंबड्या त्यांच्या डालग्याखाली, भाकरी त्यांच्या टोपलीत, आणि मूल जन्मलं की ते त्यांनी विणलेल्या पाळण्यात. त्यांना गावात घर नव्हतं. पण गावाजवळ पालं टाकायला जागा होती, आणि मेल्यावर ओढ्याकाठच्या मसणवटीत, एका कडेला का होईना, पुरायला जागा होती. माणसाला याहून जास्त लागतं असं त्यांना कधी वाटलं नाही.

पहिल्यांदा त्यांना उठवलं ते गाढवांवरून. एका सालात कुणाच्या तरी जोंधळ्यात त्यांची गाढवं शिरली. नुकसान फार नव्हतं. पण पंच बसले आणि त्यांनी सांगितलं, ओढ्यापलीकडे जा, तिकडे जनावरांना मोकळं रान आहे, तुमच्याच सोयीचं होईल. पालं उचलली आणि ते गेले. पलीकडे शिंदी नव्हती. पान आणायचं तर ओढा ओलांडावा लागे, आणि पावसाळ्यात ओढा कुणाला ओलांडू देत नसे.

पुढे पाटलाच्या घरातली नथ हरवली. कैकाड्यांचं नाव कुणी घेतलं असं नाही. फक्त सगळ्यांनी ओढ्यापलीकडे पाहिलं. मग पालं उसकटली, विणलेल्या टोपल्या उलट्यापालट्या केल्या, बायकांची लुगडी झाडायला लावली. नथ मिळाली नाही. नाही मिळाली म्हणजे ती यांनी चांगलीच लपवली आहे, असं ठरलं, आणि वस्ती आणखी मागे, या माळावर आली. सुगीच्या तोंडावर ती नथ पाटलाच्याच घरात सापडली, कणगीच्या तळाशी, दाण्यांत. पण नथ सापडली म्हणून कैकाड्यांना परत बोलवायला कोणी माळावर आलं नाही.

त्या काळी दोन्ही गावांची शीव एकच होती आणि ती या माळाच्या मधूनच जात होती. या शिवेवरून दोन गावांत कितीदा तरी काठ्या चालल्या होत्या. वीतभर रानासाठी माणसं जायबंदी झाली होती. आमची पालं पडली ती नेमकी त्या रेघेवर. अर्धी इकडे, अर्धी तिकडे.

मग साथीचं साल आलं. तेव्हा अशी रीत होती की गावात रोगराई शिरली, की साथीच्या देवीला टोपलीत बसवायचं, हळदकुंकू वाहायचं, आणि वाजतगाजत शिवेपार नेऊन ठेवायचं. म्हणजे रोग गावाबाहेर गेला. टोपली अर्थातच कैकाड्यांनी विणलेली. खैरवळनं आपली टोपली आणून शिवेवर ठेवली. तांबसडीनं आपली आणून ठेवली. दोन्ही टोपल्या आमच्या लोकांच्या दारात. तरी रोग हटेना. तेव्हा कोणाच्या तरी अंगात आलं आणि त्यानं सांगितलं, देवी शिवेबाहेर गेलेलीच नाही, कारण ज्या वस्तीत तिला सोडलं ती वस्ती अजून शिवेत आहे.

एका सकाळी खैरवळचे लोक बैलगाडी घेऊन आले. त्यांनी नारळ फोडला, शिवेचा दगड पहारीनं उपटला, गाडीवर घातला आणि मागे नेला, आता तुम्हाला दिसतो तिथे. वस्तीतले लोक बघत उभे होते. काय चाललं आहे ते त्यांना आधी कळलंच नाही. तांबसडीला ही बातमी गेली तसे तेही घाबरले. हे लोक खैरवळचे नाहीत म्हटल्यावर ते आपल्या अंगावर येणार. मग त्यांनीही आपल्या बाजूनं नवा दगड पुरला, माळ सोडून, पार उतारावर. ज्या जमिनीसाठी डोकी फुटली होती ती जमीन दोन्ही गावांनी आपण होऊन सोडून दिली. या मुलखात असं आधी घडलं नव्हतं आणि नंतरही कोणी ऐकलं नाही.

वस्तीत मसू नावाचा माणूस होता. अंगानं किरकोळ, बोलायला कमी. त्याची बायको येलवा. ती पाळणे विणायची, आणि दोन्ही गावांतल्या बायका बाळंतपणाच्या आधी तिच्याच हातचा पाळणा मागायच्या. दगड हलवले त्या दिवशी मसू हसला म्हणे. "बरं झालं," तो म्हणाला, "आता मागं ढकलायला जागाच उरली न्हाई." येलवा हसली नाही. तिनं हातातला पाळणा पुरा केला. तांबसडीच्या कोंडाबाईला दिवस गेले होते, तिचा होता तो.

त्यानंतर पावसानं पाठ फिरवली. एक साल, मग दुसरं. खैरवळचा ओढा आटला. दोन्ही गावच्या विहिरींना तळ दिसला आणि गावांनी विहिरींवर राखण बसवली. माळावरची माणसं रिकामी मडकी घेऊन गेली की राखणदार म्हणायचे, आपल्या गावच्या विहिरीवर जा. आपलं गाव कुठलं, हे कोणाला सांगता आलं नाही.

डोंगराच्या पलीकडे एका डोहात थोडं पाणी होतं. मसू गाढव घेऊन तिथे जायचा आणि पखालीतून पाणी आणायचा. जाऊन यायला दिवस मोडायचा. आणलेलं पाणी आधी लेकरं असलेल्या पालांत द्यायचं, मग म्हाताऱ्यांना, असं त्यानंच ठरवलं होतं. वैशाखात एका दिवशी तो परत आला, गाढवाच्या पाठीवरची पखाल उतरवली, तिला टेकून बसला आणि पुन्हा उठला नाही. पखाल भरलेली होती. त्यातला घोटभरही तो वाटेत प्यायला नव्हता, हे येलवेला त्याच्या ओठांकडे बघून कळलं.

कैकाड्यांत माणसाला पुरतात, या दोन्ही गावांतही तीच रीत. मसूचा बाप खैरवळच्या मसणवटीत होता, आजाही तिथेच. म्हणून मसूला तिकडेच न्यायचं असं त्याचा भाऊ हणमा म्हणाला. चार जणांनी खांदा दिला. येलवा मागून चालली. उन्हानं दगड भाजून निघाले होते. खैरवळच्या शिवेपाशी राखणदारानं काठी आडवी धरली आणि पाटलाला बोलावणं गेलं.

रायाजी पाटील आला. तो माणूस दुष्ट होता असं आमच्याकडे कोणी सांगत नाही. डोक्यावर पदर घेतलेल्या येलवेकडे बघून त्यानं पायातली पायताणं काढली म्हणे. मग त्यानं सांगितलं की गावानं शीव ठरवली आहे, आणि शिवेबाहेरचं प्रेत आत घेतलं तर बाहेर गेलेला रोग त्याच्याबरोबर आत येईल.

"पाटील, ह्याचा बाप तुमच्या वढ्याकाठी पुरलाय," हणमा म्हणाला.

"बाप आमच्या शिवेतला होता," पाटील म्हणाला. "हा नाही."

त्यांनी तिरडी फिरवली आणि सगळा माळ तुडवत तांबसडीच्या दगडापाशी आणली. तिथला पाटील आलाच नाही. आधी निरोप आला की पाटील जेवायला बसले आहेत. मग निरोप आला की त्यांचा डोळा लागला आहे. शेवटी निरोप आला की खैरवळच्या माणसाला खैरवळनं माती द्यावी, त्यात आम्ही पडत नाही. तोवर खांदा देणाऱ्यांनी तिरडी खाली ठेवली होती. पखालीतलं पाणी लेकरांना आणि म्हाताऱ्यांना गेलं होतं, सकाळपासून यांच्या पोटात थेंब नव्हता.

येलवा म्हणाली, परत चला. आपण जिथे राहतो तिथेच त्याला ठेवू.

माळावर आले. पण इथे खणायचं कुठे? पहार टाकावी तिथून ती उसळून परत यायची. विणणाऱ्यांचे हात ते, त्यांना खडक फोडायची सवय नाही. बऱ्याच खटपटीनंतर एका जागी खडकाला चीर सापडली आणि पहार आत गेली. तिथे आळीपाळीनं खणायला लागले. हातांची सालं निघाली. कमरेएवढं खोल गेल्यावर एक चपटा दगड लागला. तो उचकटला आणि खालून ओलसर वारा आला. मग दगडाच्या कडेनं पाणी वर यायला लागलं.

आधी कोणाला खरं वाटेना. हणमानं ओंजळ भरून तोंडाला लावली आणि तो रडायला लागला. लोक खड्ड्याभोवती पालथे पडून प्यायले. लेकरांना उचलून आणलं, गाढवं दोर तोडून आली. पाणी वर येत राहिलं, गुडघ्याएवढं, मांडीएवढं, आणि मग खड्डा काठोकाठ भरला. थंड आणि गोड पाणी. सगळ्या मुलखात कुठे नव्हतं असं.

सगळे पिऊन झाल्यावर कोणीतरी येलवेकडे बघितलं. ती तिरडीशेजारीच बसून होती. तिच्यासाठी पाणी आणलं तेव्हा तिनं पदराचं टोक त्यात भिजवलं आणि मसूचे ओठ पुसले. मग म्हणाली, "ह्याची ही जागाबी गेली."

तेव्हा लोकांच्या ध्यानात आलं. जी जागा मोठ्या मुश्किलीनं मिळाली होती ती पाण्यानं भरली होती. पाण्यात माणूस पुरता येत नाही. दुसरीकडे खणायला कुणाच्या अंगात बळ नव्हतं, आणि कुठे चीरही सापडत नव्हती. कोणी म्हणालं, वरून दगड रचू. येलवेनं मान हलवली. वाटेत मेलेल्या बिनवारशी माणसावर दगड रचतात. आपल्या माणसाला माती द्यावी लागते. आणि माती या माळावर मूठभरसुद्धा नव्हती.

पाण्याची बातमी कशी गेली कोणास ठाऊक. दुसऱ्या दिवशी उन्हं वर यायच्या आत दोन्ही बाजूंनी बायका येताना दिसल्या. डोक्यावर घागरी, कडेवर पोरं. खैरवळच्या इकडून, तांबसडीच्या तिकडून. पाण्यापासून थोड्या अंतरावर येऊन त्या थांबल्या. कारण मध्ये हणमा आणि वस्तीतले पुरुष काठ्या घेऊन उभे होते. हणमा म्हणाला, थेंब मिळणार नाही. आपल्या गावच्या विहिरीवर जा. जे शब्द त्यांनी दोन वर्षं ऐकले होते तेच त्यानं परत केले. ज्यांची पोरं रडत होती त्यांनी पोरांना खांद्यावर घेतलं आणि तशाच उभ्या राहिल्या.

येलवा उठून तिथे आली. रात्रभर बसून तिचे पाय अवघडले होते. काही जण म्हणतात तिच्या अंगात देवी आली होती, पण माझ्या चुलत्याला ते पटायचं नाही. तो म्हणायचा, ती फक्त दमलेली होती.

"काठ्या खाली घ्या भावजी," ती म्हणाली. "त्यांनी अडवलं, आता आपुन अडवायचं, आन् मधी ह्यो आसाच उघडा पडून ऱ्हायचा. मला पानी राखायचं न्हाई. मला माती पायजे."

मग ती बायकांना म्हणाली, "पानी न्या बायांनो. फुडल्या खेपंला येताना तुमच्या रानातली मूठभर माती आना. माझा मानूस झाकायचाय."

त्यांनी पाणी भरलं आणि गेल्या. हणमा म्हणाला, वैनी, आता त्यांतली एक परत यायची नाही. येलवा मसूच्या शेजारी जाऊन बसली आणि त्याच्या तोंडावरच्या माश्या वारायला लागली.

पहिली आली ती कोंडाबाई, तांबसडीची. तिनं पदराची गाठ सोडली. आत तांबडी माती होती, अजून ढेकळं न फुटलेली. कोणी न सांगता तिनं ती मसूच्या पायांवर पसरली. मग येलवेजवळ बसली. म्हणाली की पोरगा अजून त्याच पाळण्यात चांगला निजतो. येलवेनं मान डोलावली.

नंतर आणखी बायका आल्या. इकडून काळी माती, तिकडून तांबडी. पण हे पाटलांना कळलं आणि त्याच दुपारी दोन्ही गावांनी एकच हुकूम काढला. एरवी या दोन गावांचं कशावरही जमत नसे. हुकूम असा, की माळावरून पाणी आणायला हरकत नाही, मात्र गावची माती शिवेबाहेर न्यायची नाही. माती दिली म्हणजे जागा दिली, आणि जागा दिली म्हणजे ते लोक गावचे झाले. दोन्ही दगडांवर राखणदार बसले. ते बायकांच्या रिकाम्या घागरी उलट्या करून बघायचे, पदर सोडायला लावायचे.

तेव्हा बायकांनी चुंबळीत माती बांधायला सुरुवात केली. घागरीखाली डोक्यावर फडक्याची जी चुंबळ असते, तिच्या पोटात मूठभर माती. राखणदार घागरीत बघत, डोक्यावर कोण बघणार? खैरवळच्या एका बाईची चुंबळ सैल झाली म्हणे. कपाळावर घाम होता, त्यात माती उतरली आणि काळा ओघळ तिच्या नाकापर्यंत आला. राखणदारानं तो पाहिला. तो बराच वेळ पाहत राहिला आणि मग दुसरीकडे बघायला लागला. सकाळी त्याच्या घरीही माळावरचंच पाणी आलं होतं.

दिवस कलायला लागला तेव्हा मसू छातीपर्यंत झाकला गेला होता. दिवस मावळताना येलवेनं स्वतःच्या हातानं त्याच्या तोंडावर माती ओढली. अर्धी काळी, अर्धी तांबडी. त्यानंतर ती पालात गेली आणि झोपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रायाजी पाटील आला. एकटा आला, हातात तांब्या घेऊन. त्याची आई शेवटच्या घटका मोजत होती आणि तिनं माळावरचं पाणी मागितलं होतं. घरच्या बायकांनी आणलेलं चालेल ना, असं त्यानं तिला विचारलं असेल. पण म्हातारीनं सांगितलं होतं, तू जा.

येलवा मातीच्या ढिगाशेजारी शिंदीची पानं सोलत बसली होती. पाटील उभा राहिला आणि त्यानं येण्याचं कारण सांगितलं.

"न्या की," येलवा म्हणाली. "मूठभर माती तेवढी घाला."

"मूठभर माती घातली म्हणजे जागा दिली असं होत नाही, येलवे," पाटील म्हणाला.

"न्हाई हुत," येलवा म्हणाली. "जागा मागायची आमी सोडलीया, पाटील. ह्याला नुस्तं झाकायचंय. पाऊस आला तर वरची माती वाहून जाईल."

पाटील तिथून आपल्या दगडापर्यंत चालत गेला. वाकला. वैशाखातली जमीन ती, भेगाळलेली आणि टणक, तिथे बोटं शिरेनात. वस्तीतले लोक लांबून बघत होते की पाटील गुडघे टेकून नखांनी माती उकरतो आहे. बऱ्याच वेळानं तो मूठ मिटून परत आला आणि त्यानं ती मसूवर सोडली. नखांतून रक्त आलं होतं. हणमाला वाटलं, आता हा काहीतरी बोलेल. आता म्हणेल, चला खाली, ओढ्याकाठी. सगळ्यांनाच तसं वाटलं. पाटलानं तांब्या भरला, येलवेकडे एकदा पाहिलं आणि तो गेला.

त्याच्या आईनं ते पाणी घेतलं आणि ती शांतपणे गेली. तिला ओढ्याकाठी पुरलं. आणि त्या दिवशी दुपारी रायाजीची बायको माळावर आली. चुंबळीत न लपवता, उघड्या ओंजळीत माती घेऊन. सासूच्या खड्ड्यातली, तिच्यावर लोटण्याआधी बाजूला काढलेली. ती मसूवर घातली, नमस्कार केला आणि परतली. तिला दगडापाशी कोणी अडवलं नाही. तिच्यामागून इतरांनीही तसं करायला सुरुवात केली. खैरवळात नाही तर तांबसडीत कोणी गेलं, की त्याच्या मातीतली एक मूठ माळावर पोचायची. आधी बायका आणायच्या. पुढे कुणाची बायको गेली, तर तिच्या मुठीसाठी पुरुषही यायला लागले.

पाऊस आला. खड्ड्यातलं पाणी खोलगटात पसरून त्याचं तळं झालं, आता इथे बारमाही पाणी होतं. साहजिकच दोन्ही गावांना आठवलं की हा माळ पूर्वी आपला होता. खैरवळ म्हणालं, दगड पुढे सरकवू. तांबसडी म्हणालं, आम्ही आधी. दोन्हीकडे बैठका झाल्या, गाड्या जुंपायची वेळ आली. मग दोन्ही गावांत कोणातरी शहाण्याच्या लक्षात आलं, की तळं शिवेत घेतलं तर वस्तीही शिवेत येते. म्हणून गाड्या जुंपल्याच नाहीत. दगड होते तिथेच राहिले.

येलवा पुष्कळ जगली. पाळणे विणत राहिली. तिला कोणी विचारायचं, आक्का, तुझ्या नवऱ्यामुळे एवढं पाणी मिळालं, तुला काय वाटतं? ती म्हणायची, "त्याला तवाच घोटभर मिळालं आसतं तर बरं झालं आसतं." याच्यापलीकडे ती कधी बोलली नाही. ती गेली तेव्हा तिच्यासाठी खणावं लागलं नाही. मसूच्या शेजारी तिला ठेवलं आणि दोन्ही गावांहून लोक मुठी घेऊन आले.

असं हे सांगतात. एवढ्या पिढ्यांच्या मुठींनी ही टेकडी झाली. पावसानं थोडी झिजते, माणसं मरतात तशी भरून येते.

आता गावांना नळ आले आहेत. एक नळ खैरवळच्या दगडापर्यंत आला आहे, एक तांबसडीच्या. मधल्या माळाचं काय, ते विचारायला आमची पोरं तालुक्याला जातात. तिथे आधी गाव कुठलं ते विचारतात. पोरं परत येतात. तळ्याचं पाणी आहे, ते आम्हाला पुरतं.

आजही आमच्यात कोणी गेलं, तर आम्ही कुदळ हातात घेत नाही. त्याला टेकडीच्या पायथ्याशी आणून ठेवतो आणि दोन्ही गावांना निरोप पाठवतो. त्यांच्या लग्नाला आम्हाला बोलावणं नसतं, आमच्या पालात येऊन कोणी पाणी पीत नाही. पण निरोप गेला की ते येतात, हे मात्र खरं. एकेक करून येतात, मूठ सोडतात, हात झटकतात आणि जातात. मागच्या चैत्रात माझी बायको गेली तेव्हा मी सकाळपासून तिच्याजवळ बसलो होतो. संध्याकाळपर्यंत ती झाकली गेली. वेळ लागतो. पण वाट बघायचं आम्हाला काही वाटत नाही.